धुक्यातला गोल

विष्ण्या, कावळा शेवटी कासमच्या शब्दाला आला. माझ्या शब्दाला नाही.

हे आधीच सांगून टाकतो. दुसरं काही लिहायला घेतलं तरी हेच मध्ये मध्ये येणार, मला माझा स्वभाव माहीत आहे. परवा तुझा दहावा झाला. इंद्रायणीच्या काठी पिंड मांडला, आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो, आणि समोरच्या करंजावर कावळे नुसते बसून राहिले. खाली उतरायचं नाव नाही. ऊन चढायला लागलं. भटजी सारखे आकाशाकडे बघायला लागले. शेवटी तुझ्या थोरल्या धोंडीभाऊंनी हात जोडले. म्हणाले, "विष्णू, पोरांची काळजी करू नगंस. त्यास्नी मी शिकवीन." कावळे जागचे हलले नाहीत. "तुझ्या घरधनिणीला कुटं धाडनार न्हाई. हितंच मानानं ऱ्हाईल." तरी नाही. तुझे चुलते म्हणाले, अर्धी राहिलेली विहीर पुरी करतो. तेही नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझ्या कान्हे गावात मला सगळे तुझा जिवलग म्हणून ओळखतात, तेव्हा माझ्याकडेच बघणार. मी पुढे झालो. वडगावच्या कोर्टात रोज तोंड चालवणारा वकील मी. म्हणालो, "विष्णू, तुझे दोन्ही मुलगे लोणावळ्याला माझ्या घरी राहतील, शिकतील. शब्द देतो." चांगला शब्द होता रे. मनापासून दिला होता. एक कावळा पंख फडफडवून उडाला तेव्हा म्हटलं, आला. तो वरच्या फांदीवर जाऊन बसला आणि चोच घासत राहिला.

आपल्यातला तिसरा, कासम, लांब उभा होता, बाभळीपाशी. त्यानं चपला काढल्या आणि चालत पुढे आला. भटजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर धोंडीभाऊ म्हणाले, "येऊ द्या वो त्याला." कासमनं हातबित जोडले नाहीत. त्याच्या दुकानात बसून बोलायचा तसंच बोलला. "विष्णू, साजूकला सांगतो. आजच सांगतो. जा आता तू."

आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर.

बायामाणसं लांब उभी होती, तिथून हुंदके ऐकू आले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालेला. अरे, मरून दहा दिवस झाले तरी तुझं चालूच! तिथंही तू त्याचंच ऐकलंस!

साजूक म्हणजे मीच. रघुनाथ हे माझं नाव तू शाळेत असताना घ्यायचास, कॉलेजातल्या त्या फुटबॉलच्या सालानंतर एकदाही घेतलं नाहीस. माझ्या लग्नात, भरल्या मांडवात, माझ्या सासऱ्यांसमोर "आमचा साजूक कुटं हाय?" असं ओरडत आलास. बायकोनं दुसऱ्या दिवशी विचारलं, हे काय नाव? तिला काय सांगणार, कपाळ!

तुझ्या उशाशीही कासमच होता. मुदतीचा ताप उतरत नाही म्हणून डॉक्टरला टांग्यात घालून त्यानंच आणलं, रात्री त्यानंच काढल्या. माझ्याकडे निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी कोर्टात एका बांधाच्या भांडणात साक्षीदाराला घोळात घेत होतो. काळा कोट अंगावर तसाच ठेवून निघालो, कान्ह्याच्या शिवेवर पोचलो तर तिथं तू गेल्याची वर्दी आली. कासमला विचारलं, काही बोलला का रे? तो म्हणाला, "फार काही नाही." त्याच्या तोंडावरून मला कळलं की बोललास. तुम्हा दोघांचं हे असं मला लगेच कळतं. आयुष्यभर तेच तर बघत आलो.

ते साल आठवतं ना? आपल्या कॉलेजात त्याआधी फुटबॉल म्हणजे काय हे कुणाला नीट माहीत नव्हतं. क्रिकेट होतं, मलखांब होता, हुतूतू होता. तालमीच्या मास्तरांनी कुठून तरी एक चामड्याचा चेंडू पैदा केला आणि तुझ्या हातात दिला, कारण पहिल्याच दिवशी तू अनवाणी पायानं तो आवाराच्या भिंतीपलीकडे घालवला होतास. कप्तान झालास. कासमला डाव्या बाजूला घेतलंस, कारण तो हरणासारखा पळायचा. मला म्हणालास, "तू उंच हाईस. तू गोलात हुबा ऱ्हा." मी खूश झालो. मला पळता येत नाही म्हणून तिथं उभं केलंस हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

गोलात उभं राहणं म्हणजे काय हे तुला कधी कळलं नाही. तुम्ही सगळे ओरडत, हसत, एकमेकांना हाका मारत पुढे निघून जाता, आणि मागे मी आणि दोन बांबू. तुमच्या पाठी दिसतात. तू आणि कासम तर असे पळायचात की जणू दोघांना एकच डोकं आहे. त्यानं मान वळवली की तू चेंडू टाकलेला असायचा. कधी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. तुम्ही माझ्याकडे यायचात ते चेंडू जाळीत गेल्यावर. जाळी तरी कुठे होती आपल्याकडे.

आपण तिघं एकाच गाडीनं कॉलेजला जायचो. मी आणि कासम लोणावळ्याला बसायचो, तू कामशेतला चढायचास, हातात भाकरीचं फडकं. मी खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी धरून ठेवायचो. रोज. तू चढायचास, माझ्या पाठीत एक धपाटा घालायचास, आणि बसायचास कासमच्या शेजारी. मग पुण्यापर्यंत चेंडूचं पुराण. कुठली शिवण उसवली, आतला फुगा कुठे गळतो, वादी किती आवळायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी मात्र तुम्हाला परीक्षेची टिपणं द्यायचो, आणि ती तुम्ही दोघं बिनतक्रार घ्यायचात.

चेंडू राहायचा कासमच्या अब्बांच्या दुकानात. त्याला इलाज नव्हता, मान्य करतो. तुझ्या घरी कान्ह्याला भाताच्या कणगीपाशी उंदीर, एका रात्रीत चामडं कुरतडलं असतं. माझ्या घरी आई. स्टेशनाजवळचं ते टांग्यांच्या घोड्यांचे लगाम, खोगीर करायचं दुकान म्हणजे चेंडूचं सासरमाहेर सगळंच. अब्बा त्याला चरबी चोळायचे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. चरबी चोळली नाही तर लोणावळ्याच्या ओलीत चेंडू दगडासारखा जड व्हायचा. संध्याकाळी कॉलेजातून आलं की तू कामशेतला उतरायचं सोडून सरळ लोणावळ्यापर्यंत यायचास. चेंडूसाठी! मग दुकानात पोत्यावर बसून तुम्ही दोघं फुग्यात तोंडानं हवा भरायचात, गाल फुगवून, आळीपाळीनं. मी दाराशी उभा.

आणि तो चहा. अब्बा एकाच कपात चहा आणायचे, कासम बशीत ओतायचा, अर्धा तू प्यायचास अर्धा तो. तुमच्या गावात कळलं असतं तर तुलाही बोल लागले असते, पण तू कुठे भीत होतास. मला कुणी विचारायचं नाही. मी पिणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, घरी कळलं तर काय होईल तेही माहीत होतं. पण एकदा विचारायला काय जात होतं? मी नाही म्हणालो असतो, तुम्ही आग्रह केला असता, मी पुन्हा नाही म्हणालो असतो. तेवढं तरी झालं असतं. इतकी वर्षं त्या बशीचा वास माझ्या नाकातून गेलेला नाही.

बरं, माझ्या घरी तरी मी वरचढ असावा? तू ओसरीवर बसायचास आणि आई आतून मला हाक मारून म्हणायची, "त्या कान्ह्याच्या मुलाला विचार, लोणी चालेल का भाकरीवर?" मला कधी विचारलं नाही, चालेल का म्हणून. ताक घुसळलं की वरचा गोळा तुझा. मी म्हटलं, आई, मीही खेळतो. तर म्हणे, तू नुसता उभा असतोस, तोच सांगत होता. वा! आईलासुद्धा सांगून झालं होतं!

त्या सालात आपण सामना जिंकलो एकही नाही. खोटं कशाला बोला. खडकीच्या पलटणीतल्या गोऱ्या शिपायांनी तर आपल्याला बुटांनी अक्षरशः तुडवलं, आणि गोल किती झाले ते मोजणं मी अर्ध्यात सोडून दिलं. दुसऱ्या कॉलेजाशी हरलो. परत हरलो. पण प्रत्येक वेळी थोडं कमी हरलो, आणि तू गाडीत उभा राहून सगळ्यांना सांगायचास, "आरं, शिकतोय आपन! लय झ्याक चाललंय!" कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण पुढच्या खेपेला सगळे हजर. मी का यायचो? मी कुठे जाणार होतो? घरी बसलो असतो तर तुम्ही दोघंच गेला असता.

शेवटचा सामना लोणावळ्याला. रेल्वेच्या साहेब लोकांचा संघ, त्यांचंच मैदान, पंचही त्यांच्यातलाच एक म्हातारा साहेब, पण माणूस सरळ. भादवा चालू होता. आदल्या दिवशी मी तुझ्याशी भांडलो. म्हटलं, साल संपत आलं, चेंडू एक रात्रसुद्धा माझ्याकडे राहिला नाही, मी काय या संघाचा नाही? तू कासमकडे पाहिलंस. तेही मला झोंबलं. मग म्हणालास, "ने बाबा, ने. पर चरबी लावून ठेव. उद्या धुकं पडंल."

आईनं चेंडू बघितला आणि पदर नाकाला लावला. खूप बोलणी खाल्ली तेव्हा मागच्या पडवीत ठेवायला परवानगी मिळाली. पण चरबीचं भांडं उंबऱ्याच्या आत नाही म्हणजे नाही. मी विचार केला, चरबी काय आणि तूप काय, स्निग्धच ना दोन्ही? उलट तूप जास्त शुद्ध. आईनं नुकतंच कढवलेलं होतं. वाटीभर काढलं आणि चेंडूला अस्सं चोळलं, शिवणीशिवणीत, वादीच्या खाली, जिथं बोट जाईल तिथं. सकाळपर्यंत गारठ्यानं ते थिजून बसलं. मी म्हटलं, बघा, कसा बसलाय लेप! कासमच्या बापाला जन्मात असा जमला नसता.

खेळ सुरू झाला आणि साहेबांच्या पहिल्याच फटक्याला चेंडू माझ्याकडे आला. सोपा होता. दोन्ही हातांत अलगद आला, छातीशी धरला, आणि माशासारखा निसटून मागे गेला. गोल. साहेब हसले. तू धावत आलास, चेंडू उचललास, नाकाशी धरलास. तुझं ते तोंड अजून माझ्यासमोर आहे. "रघ्या, ह्याला तुपाचा वास येतूय!"

मध्यंतरापर्यंत ही बातमी अकरा जणांत पोचली. कोण काय काय बोललं ते जाऊ दे. मी म्हणालो, माझी चूक आहे, मी आत्ता जाऊन पंचांना सांगतो, चेंडू बदलून घ्या म्हणतो, हे नियमात बसत नाही. निघालोसुद्धा. तू मागून माझी गचांडी धरलीस. "गप बस. पुसतो मी." आणि चेंडू घेऊन गवतावर बसलास, धोतराच्या फडक्यानं पुसत. कासम तुझ्या शेजारी. काहीतरी बोललात, हसलात. माझी मान खाली.

मग धुकं आलं. लोणावळ्याचं धुकं ते, येतं तेव्हा विचारून येत नाही. आधी पलीकडचे बांबू गेले, मग मधली रेषा, मग तुम्ही सगळे. मला माझे पाय दिसत होते आणि बाजूचा एक बांबू. बाकी नुसते आवाज. बुटांचे, शिट्टीचे. कितीतरी वेळ गेला. तुझी आरोळी आली, "कासम, आता!" मग धप्प असा एक आवाज. मग काहीच नाही. मग शिट्टी, आणि तुम्ही दोघं असे हसताय की मला वाटलं कुणाला वेड लागलं.

गोल झाला होता. बरोबरी झाली होती. बुटवाल्या साहेबांशी, अनवाणी पोरांची, त्यांच्या मैदानावर! बाकीच्या कुणालाही दिसलं नाही, सगळे धुक्यात इकडेतिकडे. धुकं विरलं तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून येत होतात. मी ओरडून विचारलं, कुणी मारला? तू म्हणालास, "कासमनं." कासम म्हणाला, "विष्णूनं." आणि पुन्हा ते हसणं. मग तू माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "चला, साजूक."

त्या दिवसापासून साजूक. मला वाटलं, जखमेवर मीठ. पहिला गोल माझ्या तुपानं खाल्ला, आता जन्मभर ऐका.

आणि त्या दिवसापासूनचं आपलं भांडण. कुणी मारला, कसा मारला, मला सांगा. मी त्या संघात होतो, मलाही हक्क आहे. वर्षावर्षाला तुम्ही नवी गोष्ट सांगायचात. एकदा म्हणे डोक्यानं, एकदा म्हणे टाचेनं, एकदा तर तू शपथेवर सांगितलंस की मध्ये बेडूक आला. दर भादव्यात मी कोर्टाचं काम लौकर उरकून कासमच्या दुकानात यायचो, तूही कामशेतच्या शाळेतली मास्तरकी आटपून यायचास, आणि मी तुमची उलटतपासणी घ्यायचो. भले भले साक्षीदार माझ्यापुढे रडलेले आहेत. तुमच्याकडून एक अक्षर काढता आलं नाही. गेल्या भादव्यात मी खरंच चिडलो. म्हणालो, पुढल्या वर्षी येणार नाही. तू म्हणालास, "येशील रं." आणि आता तूच नाहीस. कुणी कुणाला टांग दिली, सांग!

नाही, तू चांगलाही होतास. ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. पहिलाच खटला मी हरलो तेव्हा तू कोर्टाबाहेर वडाखाली पेरू घेऊन बसला होतास. शाळा बुडवून. एक शब्द बोलला नाहीस, पेरूला मीठ लावून माझ्या हातात देत गेलास. आई गेली तेव्हा मी आत कोपऱ्यात बसून होतो आणि बाहेर सगळं तू केलंस, लाकडापासून. स्मशानात माझ्यापेक्षा जास्त तू रडलास. मला त्याचंही वाईट वाटलं होतं, की आई माझी आणि डोळे याचे सुजलेले. असा मी आहे. तुला माहीत होतं, तरी तू मला वाऱ्यावर सोडलं नाहीस. कधीच सोडलं नाहीस.

तर दहाव्यानंतर मी कासमबरोबर लोणावळ्याला आलो. दुकानात तेच पोतं, अब्बा आता नाहीत, टांगेही कमी झालेत, भिंतीवर लगाम तसेच. कासमची दाढी पांढरी व्हायला लागली आहे. त्यानं स्टोव्ह पेटवला. मी म्हणालो, "बोल. तुझ्या शब्दाला कावळा आला. माझ्या नाही आला. बोल आता."

कासम म्हणाला, "साजूक, विष्णूनं चेंडू पुसलाच नव्हता."

"म्हणजे?"

"चिखल पुसला. तूप ठेवलं. मला म्हणाला, कासम, ह्या तुपानं आपला गोली फसला, मग त्यांचा न्हाई का फसनार? आपन सगळे येडे, गोलीला चुकवून मारतो. आज त्याच्या हातातच मार. नीट, छातीवर. मग धुकं आलं. विष्णूनं चेंडू दिला, मी सरळ साहेबाच्या छातीवर मारला. त्यानं झेलला बघ, छान झेलला. आणि गेला निसटून मागे. तुझा गेला तस्साच."

स्टोव्हचा आवाज चालू होता. मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला? तू पंचाकडे निघाला होतास! सांगितलं असतं तर तू तिथंच जाऊन गोल रद्द करून आला असतास. नंतर सांगणार होतो, तर तू वकील झालास. आणखी भीती. मग..." कासम थांबला. चहा उकळायला आला होता, त्यानं तो उतरवला. "मग मी म्हटलं विष्णूला, आता सांगू या, म्हातारे व्हायला आलो. तर म्हणाला, नगं. साजूक दर साली भांडायला येतो. सांगितलं की यायचा बंद हुईल. ताप चढला तेव्हा मात्र मलाच म्हणाला, त्याला सांग बाबा. आता मी न्हाई, त्यानं भांडायचं कुनाशी?"

विष्ण्या, मेल्या, मी येणार नाही असं तुला वाटलं? इतकी वर्षं वाटत होतं? मी काय गोलासाठी येत होतो?

कासमनं चहा कपात ओतला, मग बशीत. कपाचा कान माझ्याकडे केला, बशी स्वतःकडे घेतली. विचारलं नाही. आग्रह केला नाही. मी कप उचलला. फार गोड होता, तुला असाच लागायचा ना.

"साजूक नाव त्यानं का ठेवलं, आता कळलं?" कासम म्हणाला. "कुणी मारला म्हणून तू विचारत होतास. तो धुक्यातून येता येता मला म्हणाला, गोल तुझा न्हाई आन् माझा न्हाई."

मी कप खाली ठेवला. मग मला एक विचारायचं होतं ते विचारलं. "त्या साहेबाचं तोंड कसं झालं रे? चेंडू निसटला तेव्हा?"

कासम एकदम हसला, आणि हसता हसता थांबला. "ते विष्णूच करून दाखवायचा. काय करायचा! तू गेलास ना घरी, की इथं उभा राहून करायचा. दर भादव्यात. अब्बा हसून हसून खोकायचे. मला नाही येत."

म्हणजे तेही. इतकी वर्षं, मी वळणावरून दिसेनासा झालो की तू इथं पोत्यापुढे उभा राहून ते करायचास. त्याच्यासाठी, त्याच्या बापासाठी. माझा गोल! मला एकदाही नाही. कुणाचा इतका हेवा मला आजवर वाटला नव्हता, कासमचा तर वाटतच आलाय, पण त्या लगाम टांगलेल्या भिंतीचासुद्धा वाटला.

कासमनं माझ्याकडे बघितलं. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, दुकानाच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात छातीशी आणले, काहीतरी धरल्यासारखे. मग हात रिकामे झाले. त्यानं खाली पाहिलं, मागे पाहिलं, डोळे मोठे केले. नाही जमलं. तू कसा केला असतास ते मला त्यातून जरासुद्धा दिसेना. तो तसाच उभा राहिला, हात छातीशी, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी म्हणालो, "कासम, पुन्हा कर."